वरोऱ्याचा कोळसा

आमचे कळंब हे गाव समुद्राला अगदी टेकलेले. सुरूची झाडे ओलांडली की वाळू, आणि वाळू ओलांडली की पाणी. आगगाडीशी गावाचा संबंध येतो तो बसने नालासोपाऱ्याला गेल्यावर. आमच्या घरी मात्र आगगाडी ओटीवरच बसलेली असते, कारण माझे आजोबा रेल्वेत फायरमन होते. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीच आली. परंतु विरारच्या पुढे सुरतेकडे त्यानंतरही कित्येक वर्षे वाफेची इंजिने धावत होती. त्या इंजिनांच्या भट्टीत आजोबांनी तारुण्यातली वर्षे फावड्याने कोळसा लोटला.

ते म्हणतात, "कोळसा चांगला असला तर फायरमन राजा. पण राखेचा निघाला, तर जाळीवर त्याचे खंगर बसतात, खालून हवा येत नाही, वाफ उतरते, आणि ड्रायव्हर बोलतो तो फायरमनलाच." हा कोळसा यायचा कोठून, असे मी एकदा विचारले. "शेडमधून," असे उत्तर मिळाले. शेडमध्ये कोठून येतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही कधी विचारले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जाण्याचा योग आला. परतताना आनंदवन पाहिले आणि गाडीला अवकाश होता म्हणून वरोरा स्थानकावर तीन तास बसून राहिलो. तेवढ्या वेळात वर्ध्याच्या दिशेने भरलेल्या मालगाड्या गेल्या आणि बल्लारशाकडे रिकाम्या परतल्या. एका गाडीचे डबे मी मोजले. अठ्ठावन्न भरले. मालडब्याला आपल्या वर्तमानपत्रांत 'वाघीण' म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'वॅगन'वरून आला हे ठाऊक असूनही, अठ्ठावन्न वाघिणी ओळीने जाताना पाहून मला हसू आवरेना. स्थानकावरच्या एका वयस्क पॉइंट्समनने माझी ही मोजदाद पाहिली आणि म्हणाला, "ही लाइन माणसांसाठी घातलेलीच नव्हती. कोळशासाठी घातली होती." घरी आल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात मी जी पुस्तके चाळली, ती या एका वाक्यामुळे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची जी. आय. पी., हिच्यापुढे तेव्हा जळणाचा मोठा प्रश्न होता. दगडी कोळसा विलायतेहून जहाजाने मुंबई बंदरात उतरे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत ही जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. बंगालमध्ये राणीगंजचा कोळसा होता. परंतु तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. अशा वेळी वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोऱ्याजवळ, कोळशाचे थर असल्याचे निश्चित झाले. सरकारने खाण स्वतः चालवावयास घेतली आणि १८७० नंतरच्या दशकात वर्ध्यापासून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सुमारे पंचेचाळीस मैलांचा मार्ग बांधला. त्याचे नावच मुळी 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. हा मार्ग वर्ध्याला जी. आय. पी. च्या मुख्य मार्गास मिळाला आणि पुढे जी. आय. पी. कडेच गेला.

हा कोळसा मात्र उत्तम जातीचा नव्हता. वर्धा खोऱ्यातील कोळशात पाण्याचा अंश अधिक आणि राखही पुष्कळ. खाणीतून वर आला, हवा लागली की तो वाळतो, तडकतो आणि त्याचा चुरा होऊ लागतो. त्यातही मोठी अडचण निराळीच आहे. असा कोळसा ढीग करून ठेवला तर हवेतील प्राणवायू शोषून आतल्या आत तापतो, आणि बाहेर उष्णता जावयास वाट न मिळाल्यास आपोआप पेट घेतो. म्हणून तो साठवून ठेवण्यात धोका, जहाजात भरून दूर पाठविण्यात त्याहून अधिक धोका. खणला, वाघिणीत भरला, नेला आणि जाळला, एवढाच त्याला मार्ग. रूळ आले तेव्हाच त्याला किंमत आली. रुळांवाचून तो जमिनीतच बरा होता.

जवळपासच्या गिरण्यांनाही त्याचा उपयोग झाला. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा मुंबई सोडून इतक्या आत जाण्याचे कारण काय, असे लोकांना वाटले होते. कापूस तेथे, आगगाडी तेथे आणि कोळसाही हाकेच्या अंतरावर, हे ते कारण. ज्या मार्गाने कोळसा येई, त्याच मार्गाने हिंगणघाटचा कापूसही बाहेर पडू लागला.

१८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग पुरा झाला व बंगालकडचा सरस कोळसा मध्य प्रांतात थेट येऊ शकला. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. खाण संपली म्हणजे तिच्यासाठी घातलेला मार्गही गंजून जावयाचा; इंग्लंड-अमेरिकेत अशी कितीतरी उदाहरणे आहेत. येथे तसे झाले नाही. बल्लारपूरला नव्या खाणी निघाल्या होत्या, तिकडे मार्ग वाढविण्यात आला. १९२९ साली निजामाच्या रेल्वेने काझीपेठ-बल्लारशा हा दुवा जोडला आणि पंचेचाळीस मैलांचा तो कोळशाचा रस्ता दिल्ली-मद्रास या राजमार्गाचा एक तुकडा झाला. आज तेथून जाणाऱ्या चेन्नईच्या प्रवाशाला आपण एका बंद पडलेल्या खाणीच्या मार्गावरून चाललो आहोत, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

कोळसा तर अजूनही चालूच आहे. १९७२-७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ पासून या खोऱ्यातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. माजरी, घुग्गुस, वणी या बाजूंनी भरलेल्या गाड्या वर्ध्यावरून बडनेरा, अकोला, भुसावळकडे जातात. त्यातला कोळसा भुसावळजवळच्या दीपनगरच्या किंवा नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पोचतो. एका गाडीत साडेतीन ते चार हजार टन माल असतो. २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला तीन हजार टनांहून अधिक कोळसा खातो. म्हणजे एका संचाला रोज जवळजवळ एक गाडी. वीज केंद्रात बऱ्याच ठिकाणी वाघीण यंत्रात धरून आख्खी उलटी करतात व पुन्हा रुळांवर ठेवतात. सुपातले धान्य पाखडावे इतक्या सहज हे होते म्हणे.

आता हिशेब पाहावा. या कोळशात शेकडा तीस ते चाळीस भाग राख. अठ्ठावन्न वाघिणींपैकी वीसएक वाघिणी आपण केवळ राख वाहून नेतो! मग कोळसा वाहण्याऐवजी खाणीपाशीच वीज करून तारेने का पाठवू नये, असे मलाही वाटले होते. चंद्रपूरला तसेच केले आहे, आणि तेथे प्रचंड वीज केंद्र आहे. पण मग राख आणि धूर तेथेच राहतो. चंद्रपूरच्या हवेची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झालेली आहे. छावणीतील चंद्रपूरच्या एका मुलीला मी आमच्या समुद्राचे वर्णन सांगत होतो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आमच्याकडे वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घ्यावे लागतात." आमच्या ओटीवरचा दिवा कोणत्या केंद्राच्या विजेवर लागतो हे सांगता येत नाही, कारण सर्व वीज एकाच जाळ्यात मिसळते. त्यामुळे तिला काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही.

आणखी एक हिशेब आपल्या सर्वांच्या खिशातला आहे. सकाळी फलाटावर उभे असताना मालगाडी धडधडत गेली की आपण तिच्या नावाने बोटे मोडतो. पण प्रवासी भाड्यातून रेल्वेचा खर्च भागत नाही. तूट भरून निघते ती मालवाहतुकीतून, आणि मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. विद्यार्थ्यांचा पास इतका स्वस्त मिळतो, त्यातला काही भाग वाघिणींनी भरलेला असतो.

वरोऱ्याला रुळांच्या कडेला पडलेला एक खडा त्या पॉइंट्समनने उचलून माझ्या हातात ठेवला होता. तो मी आजोबांना आणून दिला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी तो तळहातावर तोलला, नखाने खरवडला, नाकाशी धरला. "हलका आहे रे. धूर फार करील," असे म्हणून त्यांनी तो कोनाड्यात ठेवावयास सांगितला. श्रावणात आजीने कोनाडा झाडला तेव्हा खड्याला भेगा पडून त्याचा निम्मा चुरा झाला होता. आजी केरसुणी घेऊन उभी आणि आजोबा आतून ओरडताहेत, "टाकू नको, टाकू नको! तो वरोऱ्याचा आहे!"