पंधरा आणि सतराची अदलाबदल

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या पट्ट्यात रक्ताचा आजार म्हटला की आधी सिकलसेल आठवतो. तो आईवडिलांकडून येतो. तीव्र ल्युकेमियातला, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातला, गुणसूत्रांचा बिघाड बहुधा तसा येत नाही. तो अस्थिमज्जेतल्या एखाद्या पेशीत नव्याने घडतो, काही मुलांत तर गर्भातच. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं’ याला इथे फारसा अर्थ नाही.

तपासणीसाठी कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. पेशी वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मध्यावर औषधाने थोपवायच्या, फुगवून काचपट्टीवर थेंब सोडायचा आणि रंगवायचं. मग साधारण 20 पेशींतल्या गुणसूत्रांचे पट्टे जोडीजोडीने न्याहाळायचे. डोळ्यांचा घाम काढणारं काम!

पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल अमेरिकन शास्त्रज्ञ जॅनेट रौली यांनी 1977 मध्ये दाखवली. ती दिसली की तीव्र ल्युकेमियाचा एक प्रकार, प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात रक्तस्राव झपाट्याने जीव घेतो, म्हणून नुसत्या संशयावरच ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप सुरू करतात. जोडीला आर्सेनिक, होय, तेच विष. बहुतेक रुग्ण बरे होतात. इतर तीव्र ल्युकेमियांत सातवं गुणसूत्र हरवलं असेल तर मात्र लढाई अवघड.

गुणसूत्रं तपासायला नमुन्यातल्या पेशी जिवंत हव्यात. गोंदियाहून नागपूर किंवा मुंबईला नमुना पाठवताना तो गोठवून चालत नाही.