खेळाचा कोपरा

नात अडीच वर्षांची झाली तेव्हा आम्ही फ्लॅटमधली आतली खोली खास तिच्यासाठी सजवली. भिंतीवर ढग रंगवून घेतले, खेळण्यांना उंच मांडणी केली, खाली गुबगुबीत गालिचा घातला. पहिल्याच दिवशी बाईसाहेब एक बाहुली आणि एक पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात, अगदी माझ्या पायात बसल्या. आत नेऊन बसवावं, तर पाच मिनिटांत पुन्हा हजर! चार-आठ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खोली आम्ही तिच्यासाठी केलीच नव्हती. आलेल्या-गेलेल्याला पसारा दिसू नये, ही आमची सोय होती.

लहान मूल आपल्याच नादात खेळतं. पण मान वर केली की घरचं माणूस त्याला दिसावं लागतं. पूर्वी ओटीवर, पडवीत हे आपोआप घडायचं. तेव्हा खेळायची जागा माणसांच्या वावरातच हवी. स्वयंपाकघरात मात्र नको. उकळतं दूध आणि कुकर तिथे असतो. आम्ही हॉलमध्ये, स्वयंपाकघरातून दिसेल असा चार बाय पाच फुटांचा कोपरा निवडला आणि सतरंजी अंथरली. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून खाली रबरी जाळी घातली.

मांडणी बुटकी हवी, दोन फुटांची. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हा टेबल-खुर्च्या, कपाटं मुलांच्या मापाची केली. वस्तू स्वतः घेता आली तर ती स्वतः ठेवताही येते, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. तिथे महागडी साधनं कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं मानली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या कल्पनेतून ‘अंगणवाडी’ आली.

आमच्या कोपऱ्यातही आता डबे, झाकणं, जुनी ओढणी, नारळाच्या करवंट्या आणि एक मोठं खोकं आहे. खोकं कधी बस होतं, कधी दवाखाना. बॅटरीवरची गाडी मात्र कायम गाडीच राहते! खेळणीही एकदम सगळी बाहेर काढत नाही. पाच-सहा ठेवतो, बाकीची माळ्यावर. पंधरा दिवसांनी अदलाबदल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी छोट्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आजीबाईंना हे ठाऊक होतंच म्हणा.

आता धोक्याचं. इथे कंजूषी किंवा आळस नको. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी आठवते? तिच्यात मावेल अशी कुठलीही वस्तू तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकते. चिंचोके, मणी, गोट्या सगळं त्यात आलं. बियांमध्ये गुंजा आणि एरंडी विषारी, त्या घरातच नकोत. रिमोटमधली किंवा गाणाऱ्या खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आत गंभीर भाजतं. संशय जरी आला तरी वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की करा. मुलं तिची शिडी करतात. खिडकीखाली स्टूल, दिवाण ठेवू नका. ग्रिलच्या गजांमधलं अंतर चार इंचांहून कमी हवं. विकतचं खेळणं घेताना आयएसआय खूण पाहा; २०२१ पासून ती सक्तीची आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. सतरंजीच्या आतला पसारा तिचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. सतरंजीबाहेरचं मात्र झोपण्यापूर्वी तिने उचलायचं. ती पहिल्या आठवड्यात शिकली. आम्हाला वेळ लागला. गेल्या आठवड्यात तिथे दवाखाना थाटला होता. करवंट्यांमध्ये औषधं, ओढणीचा पडदा. चार दिवस तो तसाच होता आणि आजोबा आपली खुर्ची दाराशी सरकवून पेपर वाचत होते.