मानसोपचार खरोखर गुण देतो का?

रुग्णाशी ठरावीक पद्धतीने संवाद साधून त्याच्या विचारांत, भावनांत व वर्तनात बदल घडवू पाहणाऱ्या मानसोपचाराबाबत विज्ञानाचा पहिला प्रश्न असा असतो की, रुग्णाला आलेला गुण उपचारामुळेच आला हे कशावरून ठरवायचे. माणूस बहुधा त्रास शिगेला पोचल्यावर मदत घेतो आणि शिगेला पोचलेला त्रास पुढे काही प्रमाणात आपोआप ओसरतो. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. १९५२ साली लंडनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी असा दावा केला की, त्या काळी न्यूरोसिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारांचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचाराविनाही दोन वर्षांत सुधारतात. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली, तरी तुलनेवाचून परिणामकारकता सिद्ध होत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा टिकून राहिला.

ही तुलना ज्या गटाशी केली जाते त्याला ‘नियंत्रित गट’ म्हणतात; आणि कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरने वा रुग्णाने न ठरवता केवळ योगायोगावर सोपवणे म्हणजे ‘यादृच्छिक विभागणी’ होय. वय, गरिबी, आजाराची तीव्रता, घरचा आधार असे ज्ञात-अज्ञात घटक दोन्ही गटांत साधारण सारखे विभागले जावेत, हा तिचा हेतू असतो.

या संकल्पना प्रत्यक्षात कशा उतरतात हे गोव्यात ‘संगथ’ या संस्थेच्या कामातून साकारलेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या चाचणीत दिसते. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र स्वरूपाचे नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांची यादृच्छिक विभागणी केली. नैराश्य मोजण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली गेली; झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांविषयीच्या प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि या चाचणीत १४ हून अधिक गुण असलेल्यांनाच घेतले होते. एका गटाच्या बाबतीत तपासणीचा निष्कर्ष केंद्रातील डॉक्टरांना कळवून नेहमीचे उपचार सुरू राहिले, तर दुसऱ्या गटाला या उपचारांच्या जोडीने सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन मिळाले. हे समुपदेशन मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर त्यासाठी खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक, सामान्य व्यक्तींनी केले.

नैराश्यात माणूस एकेक काम व एकेक भेटगाठ सोडत जातो, त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात आणि मन अधिकच खचते. म्हणून मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता छोटी, झेपतील अशी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची, हे या समुपदेशनाचे सूत्र होते. त्याला ‘वर्तन-सक्रियता’ म्हणतात. तीन महिन्यांनी मोजमाप करणाऱ्यांना कोण कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते, जेणेकरून त्यांच्या अपेक्षेची छाया गुणांवर पडू नये. त्या वेळी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या ३९ टक्क्यांतच नियंत्रित गटाचे सारे महत्त्व आहे, कारण तो गट नसता तर ६४ टक्क्यांचे सगळे श्रेय समुपदेशनाला गेले असते. प्रत्यक्षात त्याचा वाटा २५ टक्क्यांच्या फरकाएवढाच आहे. मात्र तेवढा फरकही मोलाचा आहे, कारण समुपदेशन घेणाऱ्या दर चार जणांमागे आणखी एक जण बरा झाला. वर्षभरानंतरच्या पाठपुराव्यातही लाभ टिकला होता, पण दोन गटांतील अंतर कमी झाले होते, आणि प्रामाणिक संशोधनाने हेही सांगावेच लागते.

मनाचे दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडची सवय सुटायला हवी, पण मदतीच्या नावाखाली जे समोर येईल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणेही तितकेच घातक आहे. म्हणून कोणताही उपचार स्वीकारताना त्याची तुलना कशाशी झाली, मोजमाप कोणी केले आणि गुण किती काळ टिकला, हे तीन प्रश्न रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी निःसंकोच विचारावेत. ते विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.