रिळावरील दोरा आणि अंगठ्याचे काम

मुंबई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिरगाव चौपाटीपासून दादरच्या वाळूपर्यंत आणि पुढे माहीमच्या खाडीपर्यंत, भरतीच्या वेळी गळ टाकून बसलेली माणसे आजही दृष्टीस पडतात. कित्येकांच्या हाती नुसता तंगूस आणि शिशाचे वजन असते; दोरा हाताने फेकावयाचा आणि हातानेच ओढावयाचा. काहींच्या हाती मात्र काठी व तीवर बसविलेले रीळ असते. या रिळांचा एक जुना आणि दणकट प्रकार म्हणजे काठीच्या वरच्या अंगास बसणारे, आडव्या फिरकीचे रीळ होय. त्यातही ज्या रिळावर दोरा सारखा पसरविणारी यंत्रणा नसते, ते वापरावयास शिकणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोरा सारखा पसरविण्याचा प्रश्न परळ-लालबागच्या भूमीस नवा नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे गिरणगाव उभे राहिले. तेथील वाइंडिंग खात्यात लहान बॉबिनींवरचे सूत मोठ्या कोनांवर चढविले जाई, आणि या कामावर स्त्रियांची संख्या मोठी असे. कोन फिरत असता सुतास डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे नेणारी योजना यंत्रातच असे. ती बिघडली की सूत एका जागी साचे आणि पुढच्या खात्यात धागा तुटे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. तथापि सुताचा तो नियम रिळावरच्या तंगुसासही तंतोतंत लागू पडतो.

दातेरी चाकांच्या साहाय्याने मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे करणारी रिळे अमेरिकेतील केंटकी राज्यातील घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडविली. त्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील कॅलमझू येथील विल्यम शेक्सपिअर (हा नाटककाराचा केवळ नामबंधू) याने दोरा आपोआप पसरविणारे रीळ तयार केले व १८९७ मध्ये आपला उद्योग सुरू केला. या यंत्रणेत फिरकीसमोर एक आडवा दंड असतो. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन नागमोडी खाचा असतात आणि त्या खाचांतून सरकणारी लहान कडी दोऱ्यास या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन परत आणते.

इतकी सोय असताना तीवाचून चालणारी रिळे अद्याप का वापरली जातात, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. उत्तर समुद्रच देतो. खाऱ्या पाण्याचा व वाळूचा पहिला मारा त्या नाजूक खाचांवर होतो. कडीतून जाताना दोरा घासतो, फेक आखूड पडते. जाड दोऱ्याची गाठ तर तेथे अडकतेच. मोठा मासा जोराने धावू लागला म्हणजे यंत्रात जितके सुटे भाग कमी तितके बरे. म्हणून ही कडी काढून टाकलेल्या रिळात तिचे काम मनुष्याच्या अंगठ्याकडे येते.

उजव्या हाताने मूठ फिरवावयाची असेल तर डाव्या हाताने काठी रिळाच्या थोडी पुढे धरावी आणि त्याच हाताच्या अंगठ्याने दोरा हलकेच एका बाजूस ढकलीत न्यावा. कडेशी पोचण्यापूर्वी परत फिरावे. संक्रांतीच्या सुमारास चाळीच्या गच्चीवर फिरकी धरणारा मुलगा मांजा गुंडाळताना हेच करतो, आणि त्यास ते कोणी शिकविलेले नसते.

शिक्षकांना येथे गणिताचे एक चांगले उदाहरण सापडेल. भरलेल्या फिरकीचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर तिच्या एका फेऱ्यात सुमारे १५.७ सेंटिमीटर दोरा येतो. मुठीच्या एका फेऱ्यास फिरकीचे चार फेरे होत असतील, तर एका वेळी सुमारे ६३ सेंटिमीटर. पन्नास मीटरवर पडलेले वजन ओढून आणावयाचे म्हणजे मूठ जवळजवळ ऐंशी वेळा फिरवावी लागते, आणि या सर्व वेळात अंगठ्यास विसावा नाही. दोरा बराच सुटून व्यास ३ सेंटिमीटरवर आला की तोच फेरा जेमतेम ३८ सेंटिमीटर आणतो. मासा दूर असताना मूठ फिरवूनही तो जवळ येत नाही असे जे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

फेऱ्यास फेरा अगदी चिकटवून बसविण्याचा अट्टाहास मात्र धरू नये. थोड्या तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या फेऱ्यांत वरचा दोरा खालच्या थरात रुतत नाही. मुठीच्या पाच-सहा फेऱ्यांत अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचावा, इतका वेग नवशिक्यास पुरे. याहूनही महत्त्वाची गोष्ट दोऱ्याच्या ताणाची. सैल गुंडाळलेल्या थरावर पुढे रावस किंवा जिताडा लागला आणि त्याने जोर केला, की ताणलेला दोरा सैल थरात सुरीसारखा घुसतो, फिरकी जागीच अडते आणि तंगूस तुटतो. दोऱ्याचा ढीग एकाच बाजूस झाला असेल तर तो रिळाच्या चौकटीस घासून हेच घडते. मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. त्याचे पुढे काय होते, हा विचार हौशी मंडळींनी अवश्य करावा. नवा दोरा चढवितानाही तो ओल्या फडक्यातून ओढून घ्यावा आणि फिरकीची कड दोन-तीन मिलिमीटर मोकळी राखावी.

फेकीतही अंगठाच मुख्य. फिरकी मोकळी करण्यापूर्वी तो तिच्यावर घट्ट दाबलेला असावा. वजन सुटताच दाब काढावा, परंतु स्पर्श सोडू नये. हवेच्या विरोधाने वजनाचा वेग घटत जातो, फिरकी मात्र घेतलेल्या गतीने फिरतच राहते आणि जाऊ शकेल त्याहून अधिक दोरा सोडते. गुंत्याचा उगम येथे आहे. वजन पाण्यास टेकण्याच्या क्षणी फिरकी पुरती थांबलेली हवी. वेगाने सुटणारा दोरा मात्र अंगठ्याने कधीही पकडू नये, त्वचा कापली जाते. दाब द्यावयाचा तो फिरकीवर.

सरावासाठी गळाची आवश्यकता नाही. ओहोटीच्या वेळी, आसपास माणसे नसलेल्या वाळूवर, केवळ वजन बांधून वीस मीटरच्या फेकी कराव्यात. दोरा सुबक परत येऊ लागला म्हणजे अंतर वाढवावे. लाटा आपटणाऱ्या खडकांवर व मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर उतरून शिकण्याचे धाडस करू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

घरी परतल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन सावलीत वाळवावे आणि ब्रेकचा आवळ सैल करून ठेवावा. सुटण्याजोगा नसलेला गुंता कापावा लागला तर त्याचे तुकडे खिशात घालून न्यावेत. नायलॉन कुजत नाही, आणि ओहोटीनंतर खडकांवर उतरणाऱ्या बगळ्यांच्या पायांत अडकलेला तंगूस त्यांना सोडविता येत नाही.