पडद्यावरील खिडकी

शहाड स्थानकावरून आगगाडीनें शाळेस ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांस सवलतीच्या पासाकरितां शाळेचा दाखला लागतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. या दाखल्यांची नोंद ठेवण्यासाठीं आम्हीं वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें संगणकावर एक लहानशी खिडकी तयार केली. पहिल्याच दिवशीं एका विद्यार्थिनीचें नांव तींत लिहूं लागलों, तों तिचें व वडिलांचें नांव होऊन आडनांवाचीं दोन अक्षरें उमटलीं, आणि पुढचें अक्षर यंत्र कांहीं केल्या घेईना. मुलगी शेजारींच उभी होती. तिनें विचारिलें, “सर, माझें आडनांव यांत मावत नाहीं काय?” दोष यंत्राचा नव्हता, आमचाच होता. तो कसा घडला हें कळण्यास अशी खिडकी कशी लिहितात, हें आधीं पाहिलें पाहिजे.

संगणकाच्या पडद्यावर जी चौकट उघडते, जींत नांव लिहावयाची जागा व खालीं ‘ठीक आहे’, ‘रद्द करा’ अशीं बटणें असतात, ती खिडकी होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ ही प्रणाली १९८५ च्या नोव्हेंबरांत प्रथम बाहेर आली. तिचें नांवच या खिडक्यांवरून पडलें. काम करणारा प्रोग्रॅम हा एक भाग, आणि खिडकीचें रूप हा दुसरा. हें रूप साध्या मजकुराच्या एका निराळ्या फाइलींत लिहून ठेवितात. तिला रिसोर्स स्क्रिप्ट म्हणतात. घर बांधण्यापूर्वीं गवंड्याच्या हातीं नकाशा द्यावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, हा नकाशा रेघांनीं न काढतां शब्दांनीं व अंकांनीं लिहावयाचा असतो.

पहिल्या ओळींत खिडकीचा क्रमांक, समजा १०१. नंतर ‘डायलॉगएक्स’ हा शब्द. त्यापुढें चार अंक: डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची. पुढें ‘स्टाइल’ या शब्दानें कड व मथळ्याची पट्टी कशी असावी तें सांगावें, ‘कॅप्शन’ पुढें मथळा लिहावा, आणि ‘फॉन्ट’ पुढें अक्षराचा आकार व फॉन्टचें नांव द्यावें. मग ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या दोन शब्दांच्या मध्यें खिडकींतील प्रत्येक वस्तूस एकेक ओळ. ‘एलटेक्स्ट’ म्हणजे केवळ वाचावयाचा मजकूर. ‘एडिटटेक्स्ट’ म्हणजे लिहावयाचा रकाना. ‘पुशबटन’ म्हणजे बटण. आणि ‘डेफपुशबटन’ म्हणजे एंटरची कळ दाबतांच जें चालतें तें मुख्य बटण. प्रत्येक वस्तूस आपला क्रमांक व पुन्हा तेच चार अंक असतात. रिसोर्स कंपायलर नांवाचा प्रोग्रॅम हा मजकूर यंत्रास समजेल अशा रूपांत आणितो, आणि मग तो मूळ प्रोग्रॅमास जोडला जातो.

प्रोग्रॅम खिडकीस तिच्या क्रमांकानें ओळखतो. मथळा कोणत्या भाषेंत आहे, याच्याशीं त्यास कर्तव्य नसतें. म्हणूनच त्याच १०१ क्रमांकाची एक खिडकी इंग्रजींत व दुसरी मराठींत लिहितां येते. प्रत्येकीच्या आधीं ‘लँग्वेज’ या शब्दानें भाषा सांगितली, म्हणजे वापरणाराच्या भाषेप्रमाणें प्रणाली योग्य ती निवडते. प्रोग्रॅमचें एक अक्षरही न बदलतां, ज्यास मराठी उत्तम येते असा मनुष्य हें काम करूं शकतो. मात्र एक पथ्य पाळावें लागतें. विंडोजमधील जुन्या अक्षरसंचांपैकीं एकही मराठीसाठीं नाहीं. २००० सालच्या विंडोजपासून तिचा व्यवहार युनिकोडवर चालतो. युनिकोडमध्यें देवनागरीस १२८ घरांचा एक गट दिलेला आहे. स्क्रिप्टची फाइल युनिकोडमध्यें जतन केली नाहीं, अथवा कंपायलरास तसें कळविलें नाहीं, तर अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें किंवा निरर्थक चिन्हें दिसतात.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. वरील चार अंक इंच नव्हेत, कीं पडद्यावरील ठिपकेही नव्हेत. आडवें एक माप म्हणजे निवडलेल्या फॉन्टच्या सरासरी अक्षररुंदीचा चौथा हिस्सा, आणि उभें एक माप म्हणजे त्याच्या उंचीचा आठवा हिस्सा. त्यामुळें फॉन्ट मोठा केला कीं खिडकीही मोठी होते, ही सोय खरी. परंतु ती सरासरी रोमन लिपीच्या लहानमोठ्या ५२ अक्षरांवरून काढितात; म्हणजे मराठी नांवें मोजण्याची पट्टीच रोमन! शिवाय निवडलेल्या फॉन्टमध्यें देवनागरी अक्षरें नसलीं, तर प्रणाली तीं दुसऱ्या फॉन्टमधून उसनीं आणिते. माप मात्र पहिल्याचेंच राहतें. मग वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जाण्याचें भय असतें. ही अडचण नवी नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढिला, त्या काळीं शिशाचे खिळे जुळविणारांसही अक्षरांच्या वर व खालीं जागा राखावीच लागे.

आम्हीं रकान्याची रुंदी एका आटोपशीर इंग्रजी नांवावरून ठरविली होती. दुसरी चूक त्याहून मोठी. ‘एडिटटेक्स्ट’च्या ओळींत ‘ईएस-ऑटोएचस्क्रोल’ हा शब्द घातला, तर रकाना भरल्यावर मजकूर डावीकडे सरकतो व पुढें लिहितां येतें. तो शब्द गाळला, तर जितकें रकान्यांत मावेल तितकेंच यंत्र स्वीकारतें. आम्हीं तो गाळला होता. मग तो शब्द घातला, रकाना रुंद केला, देवनागरी अक्षरें असलेला ‘निर्मला’ फॉन्ट निवडला, आणि हजेरीपटावरील सर्वांत लांब नांव लिहून पाहिलें. तें पूर्ण उमटल्यावर त्या मुलीस पुन्हा बोलाविलें. तिनें आपलें नांव स्वतः लिहिलें, अखेरच्या अक्षरापर्यंत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें बँकांसाठीं, रुग्णालयांसाठीं, सरकारी कचेऱ्यांसाठीं अशा खिडक्या लिहितील. तेथें चुकलेल्या एका अंकानें कोणाचें आडनांव तुटेल, आणि अर्ध्या नांवाचा कागद घेऊन त्या मनुष्यास हेलपाटे घालावे लागतील. तेव्हां रुंदीचा अंक लिहिण्यापूर्वीं, ज्यांचीं नांवें त्या रकान्यांत यावयाचीं आहेत त्यांची यादी एकवार डोळ्यांखालून घाला, एवढेंच आमचें सांगणें आहे.