लॉगिन होत नाही, पान अर्धवट उघडतं: सर्व्हरच्या ‘हेडर’मुळे असं का होतं?

पासवर्ड बरोबर टाकला, तरी पुन्हा लॉगिनचंच पान समोर आलं. किंवा पान अर्ध्यावर येऊन थांबलं आणि एररचा मेसेजही दिसला नाही. असा अनुभव तुम्हालाही आला असेल. अशा वेळी आपण इंटरनेटला दोष देतो. पण कधीकधी खरं कारण वेगळंच असतं. सर्व्हरने ‘हेडर’ कधी पाठवले, यावर बरंच काही ठरतं.

हेडर म्हणजे काय?

तुम्ही लिंकवर क्लिक केलं की सर्व्हर आधी एक कोड पाठवतो. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्ये बिघाड. त्यासोबत हेडर येतात. कोणती कुकी साठवायची, दुसऱ्या पत्त्यावर जायचं का, अशा सूचना त्यात असतात. पानाचा मजकूर त्यानंतर येतो.

हा क्रम बदलत नाही. मजकूर निघाला की हेडर बदलता येत नाहीत. पत्र पोस्टाच्या पेटीत पडल्यावर पाकिटावरचा पत्ता बदलता येत नाही, तसंच.

एक रिकामी ओळ आणि लॉगिन बंद

पीएचपी भाषेत काम करणाऱ्यांना ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही सूचना चांगलीच ओळखीची आहे. फाइलच्या सुरुवातीला चुकून एक रिकामी ओळ राहिली, तरी पीएचपी तिला मजकूर समजतं. मग हेडर लगेच निघून जातात. लॉगिनची कुकी मागेच राहते आणि वेबसाइट तुम्हाला ओळखत नाही.

मग सर्व्हरने थांबावं का?

यावर उपाय म्हणजे बफर. सर्व्हर मजकूर आधी साठवतो आणि मग पाठवतो. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंगमध्ये ही मर्यादा ४०९६ बाइट आहे. बफर भरला की हेडर आणि मजकूर रवाना होतात. त्यामुळे एका सर्व्हरवर झाकलेली चूक सेटिंग वेगळी असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर उघडी पडते.

पण सगळं साठवून ठेवलं, तर वाट पाहावी लागते. एआय चॅटबॉटचं उत्तर थोडंथोडं दिसतं, कारण तिथे सर्व्हर पूर्ण उत्तराची वाट पाहत नाही. यातही एक धोका आहे. सुरुवातीला ‘२००’ सांगून झालं आणि मध्येच डेटाबेस बंद पडला, तर तो कोड ‘५००’ करता येत नाही. सर्व्हर फार तर कनेक्शन मध्येच तोडू शकतो.

मधला मार्ग

डिसेंबर २०१७ मध्ये ‘१०३ अर्ली हिंट्स’ हा नवा कोड प्रसिद्ध झाला. सर्व्हर अंतिम उत्तर तयार करत असतानाच ब्राउझरला सांगतो की, ‘या फाइल लागतील, तोवर मागवून ठेव.’ अंतिम कोड आणि त्याचे हेडर नंतर येतात. योगायोग म्हणजे क्रोमने २०२२ मध्ये १०३व्या आवृत्तीतच ही सोय दिली.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

‘२००’ आला म्हणजे काम पूर्ण झालंच, असं नाही. आणि पान अर्धवट राहिलं म्हणजे काम झालंच नाही, असंही नाही. म्हणूनच पैसे भरताना पान मध्येच अडकलं, तर पुन्हा बटण दाबण्याआधी खात्यातून पैसे गेलेत का ते तपासा.