दोन भोईवाडे आणि नव्या टपालाची सूची

मुंबईत भोईवाडे दोन आहेत. एक भुलेश्वरला आणि दुसरा परळला, के. ई. एम. व टाटा रुग्णालयांच्या परिसरात. पाकिटावर नुसते 'भोईवाडा, मुंबई' एवढेच लिहिले, तर वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याने ते कोणत्या थैलीत टाकावे? १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला आणि हा प्रश्न सहा आकड्यांत सुटला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण खात्यातील अधिकारी होते, आणि संस्कृतचे कवीही. भुलेश्वरचा भोईवाडा ४००००२ मध्ये येतो, परळचा ४०००१२ मध्ये. फरक एका आकड्याचा, पण बटवडा करणारा पोस्टमनच बदलतो!

ई-मेलने येणाऱ्या टपालालाही अशीच खूण लागते. प्रत्येक ई-पत्राच्या माथ्यावर, आपल्याला सहसा न दिसणारा, एक ओळखक्रमांक असतो. तो पत्र पाठवणारी यंत्रणा घालते आणि तो जगात दुसऱ्या कोणत्याही पत्राला मिळू नये अशी योजना असते. तेच पत्र दोन वाटांनी दोनदा आले, तरी क्रमांक पाहून संगणक ओळखतो की पत्र एकच आहे.

विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तीही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली. त्या वेळच्या कित्येक ग्राहकांच्या पडद्यावर चित्रे नसत, केवळ अक्षरे असत. टपाल वाचायचे तर कळफलकावर शब्द टंकून आज्ञा द्यायची. अशा लेखी आज्ञा आजही वापरात आहेत आणि त्याला कारण आहे. आज्ञा एकदा लिहून ठेवली, की 'दर पाच मिनिटांनी ही चालव' असे संगणकाच्या घड्याळाला सांगता येते. पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवण्याचे काम घड्याळाला सांगणे अवघड!

आता सूचीकडे वळू. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी कधी कधी शब्दसूची असते: 'परागीभवन – ३१, ४७'. ई-पत्रांची सूची अगदी तशीच. एका बाजूला शब्द, समोर तो ज्या पत्रांत आला त्यांचे क्रमांक. 'रक्त' हा शब्द ४, १९ आणि ८८ या पत्रांत आहे, 'अहवाल' हा १९, ५० आणि ८८ मध्ये आहे. 'रक्त अहवाल' असे शोधले की दोन्ही ओळींत समान असलेले १९ आणि ८८ हे क्रमांक काढायचे, झाले काम. पन्नास हजार पत्रे उघडून वाचण्याची गरज नाही.

मात्र सूची केल्यानंतर नवे पत्र आले तर? समजा, रत्नागिरीहून उपचारासाठी आलेला रुग्ण परळच्या भोईवाड्यात नातेवाइकांकडे उतरला आहे. तपासणीचा अहवाल ई-मेलने आला, पण सूचीत चढला नाही. घरच्यांनी शोधले, संगणक म्हणाला, 'सापडले नाही.' त्यांनी त्याचा अर्थ 'आलेच नाही' असा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहिले. म्हणून नव्या टपालाची नोंद करणारी आज्ञा कशी आखावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

सरकारी कचेरीत आवक बारनिशी असते. आलेले प्रत्येक पत्र तीत चढवतात. रोज सकाळी जुनी सर्व पत्रे पुन्हा चढवणारा कारकून कोणी ठेवणार नाही! संगणकानेही फक्त नवे पत्र पाहावे. पण नवे कोणते हे त्याने कसे ओळखावे? एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाईल असते आणि ती एका कप्प्यात ठेवलेली असते. कप्प्यात फाईल आली किंवा तिथून गेली, की कप्प्यावरची 'शेवटचा बदल' ही वेळ आपोआप बदलते. आज्ञेने ती वेळ आपल्या वहीत लिहून ठेवायची. पुढच्या खेपेस वेळ तीच दिसली तर कप्पा न उघडता पुढे जायचे. केवढी बचत!

इथे एक सुरेख खोच आहे. समजा, वेळ सेकंदापर्यंतच मोजली जाते. १० वाजून १५ मिनिटे २० सेकंदांनी कप्प्यात एक पत्र पडले. त्याच सेकंदात आज्ञेने कप्पा पाहिला आणि वहीत २० सेकंदांची वेळ लिहिली. तो सेकंद संपायच्या आत आणखी एक पत्र आले. कप्प्यावरची वेळ अजून २० सेकंदच! पुढच्या खेपेस दोन्ही वेळा जुळतात, कप्पा बंदच राहतो आणि त्यात तिसरे काही येईपर्यंत ते पत्र अदृश्य राहते. 'नॉटमच' नावाच्या मुक्त आज्ञावलीत यावर साधा उपाय केला आहे. कप्प्यावरची वेळ आणि घड्याळातली वेळ एकच दिसली, तर ती वहीत लिहायचीच नाही. पुढच्या खेपेस कप्पा पुन्हा उघडला जातो, थोडे काम वाढते, पण पत्र हरवत नाही. मला हा उपाय फार आवडतो.

काम चालू असताना वीज गेली तर? म्हणून आधी पत्रांची नोंद करायची आणि कप्प्याची वेळ सर्वांत शेवटी लिहायची. मध्येच काम थांबले, तर वेळ लिहिलेली नसल्याने तो कप्पा पुन्हा तपासला जाईल. चढलेली पत्रे नावावरून ओळखू येतील, ती दोनदा चढणार नाहीत. क्रम उलटा केला, तर राहिलेली पत्रे कायमची निसटू शकतात.

वहीतून नाव खोडतानाही क्रम सांभाळावा लागतो. वाचलेल्या पत्राच्या फाईलचे नाव पुष्कळदा बदलते. संगणकाला वाटते, एक पत्र गेले आणि दुसरे आले. आधी खोडले, तर त्या पत्राला तुम्ही लावलेली 'महत्त्वाचे' ही चिठ्ठीही जाते. आधी भरायचे, मग खोडायचे.

आज्ञेने बोलावे किती? 'तीन नवी पत्रे चढवली' किंवा 'नवे टपाल नाही' एवढे पुरे. घड्याळ दर पाच मिनिटांनी आज्ञा चालवत असेल, तर तेही नको, म्हणून 'गप्प राहा' अशी जोडसूचना हवी. शंका आल्यास वेळेकडे न पाहता सर्व कप्पे उघडण्याचीही सोय असावी.

मराठी वाचकांना मात्र एक अडचण उरते. पत्रात 'भोईवाड्यात' असेल आणि आपण 'भोईवाडा' शोधले, तर अक्षरे जशीच्या तशी जुळवणाऱ्या सूचीला ते दोन निराळे शब्द वाटतात. विभक्तीचे प्रत्यय काढायचे, सामान्यरूपातून मूळ शब्द गाठायचा आणि मग सूचीत लिहायचे, हे व्याकरणाच्या तासाचे काम संगणकाला शिकवावे लागते. शिवाय 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो.

वर्गात करून पाहा. दहा मित्रांकडून चार-चार ओळींची पत्रे लिहून घ्या, त्यांना क्रमांक द्या आणि वहीत शब्दसूची करा. मग अकरावे पत्र घ्या आणि सूचीतील किती ओळी बदलाव्या लागल्या ते मोजा. त्यानंतर चौथे पत्र फाडून टाका. त्याचा क्रमांक कोणकोणत्या ओळींतून काढायचा, हे पत्र हाती नसताना कसे शोधाल?